शंट बसवलेलं बाळ घरी आल्यावर

जन्मतःच हृदयात दोष असलेल्या काही बाळांच्या फुप्फुसांपर्यंत पुरेसं रक्त पोहोचत नाही. अशा बाळाच्या छातीत शस्त्रक्रिया करून एक बारीक नळी बसवतात, तिला शंट म्हणतात. ऑपरेशन पार पडतं, टाके सुकतात, बाळ दूध ओढायला लागतं आणि काही आठवड्यांत घरी येतं. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. खरं तर ते पुरतं टळलेलं नसतं. पुढची मोठी शस्त्रक्रिया होईपर्यंतचे काही महिने बाळाचा जीव त्या एका नळीवर अवलंबून असतो आणि तिच्यात रक्ताची गुठळी अडकली तर हाताशी वेळ फार थोडा उरतो. आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा औषधाचा असतो: रक्त पातळ करायची याहून जोरदार गोळी नाही का? प्रश्न रास्त आहे. पण आजवरचा पुरावा सांगतो की एका मर्यादेपलीकडे औषध वाढवून पदरात काही पडत नाही. लक्ष वाढवलं तर मात्र पडतं, आणि ते लक्ष ठेवायचं काम घरातच होऊ शकतं. ते कसं करायचं आणि का, हे या लेखात सविस्तर मांडतो आहे.

आधी ही नळी समजून घेऊ. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडलेल्या एका बाळावर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. फुप्फुसांकडे जादा रक्त वळवलं तर अशी मुलं तगतील, हा विचार बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांचा होता. ते तंत्र प्रयोगशाळेत बसवलं ते व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने. वैद्यकीय पदवी नसलेल्या थॉमस यांना त्याचं श्रेय मिळायला कित्येक वर्षं गेली. आता या शंटला तिघांचंही नाव जोडलं जातं. त्या काळी हाताकडे जाणारी धमनीच कापून फुप्फुसाच्या धमनीला जोडत. आज बहुतेक ठिकाणी हाताची धमनी शाबूत ठेवून तिच्यापासून किंवा तिच्या मूळ फांदीपासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत गोरटेक्स नावाच्या कृत्रिम पदार्थाची नळी जोडतात. लहान बाळात तिचा आतला व्यास साधारण साडेतीन मिलीमीटर असतो, कधी तीन, कधी चार. गोम या आकड्यातच आहे. नळीतून किती प्रवाह जाईल हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. शरीरात तो तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच राहते. साडेतीन मिलीमीटरच्या नळीत आतून सगळीकडे पाव मिलीमीटर जाडीचा, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीचा थर बसला तर व्यास तीन मिलीमीटर होतो आणि हिशेबाने प्रवाह जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून शंट ‘थोडासा’ आकसलाय, हे ऐकून निर्धास्त राहू नये. बाळ वाढतं, नळी वाढत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने ऑक्सिजनचं प्रमाण हळूहळू खाली येणं अपेक्षितच असतं. चार-सहा महिन्यांच्या सुमारास ग्लेन नावाची पुढची शस्त्रक्रिया करण्यामागे, किंवा दोष पूर्ण दुरुस्त होण्याजोगा असेल तर ती दुरुस्ती करण्यामागे, हेही एक कारण असतं. भीती असते ती अचानक झालेल्या उताराची.

गुठळी होते कशाने? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. नळी शरीराला परकी असल्यामुळे रक्तातल्या प्लेटलेट्स तिच्या आतल्या बाजूला, विशेषतः शिवणीच्या जागी, चिकटू पाहतात. नवजात बाळाची रक्त गोठवणारी आणि गोठू न देणारी यंत्रणा अजून पक्व झालेली नसते. अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही गोठण्याला आवर घालणारी द्रव्यं त्याच्या रक्तात मोठ्या माणसाच्या साधारण निम्मीच असतात. हेपरिन हे इंजेक्शन अँटिथ्रॉम्बिनच्या मदतीनेच काम करतं, त्यामुळे तान्ह्या बाळात त्याचा परिणाम कधी कधी अपेक्षेहून कमी पडतो. त्यात भर म्हणजे ऑक्सिजन कमी असल्याने शरीर जादा तांबड्या पेशी बनवतं आणि रक्त दाट होतं. दाट रक्त अरुंद नळीतून संथ वाहतं आणि संथ रक्त लवकर गोठतं. अंगातलं पाणी कमी झालं की हे सगळं एकदम बिघडतं. दुसरीकडे याच मुलांना रक्तस्रावाचाही धोका असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. बराच काळ निळेपणा राहिला की प्लेटलेट्स कमी होतात, गोठवणारे काही घटकही कमी पडतात. म्हणजे एकाच शरीरात गुठळीही होऊ शकते आणि रक्तही वाहू शकतं.

तपासणीतली एक फसगत इथेच सांगून ठेवतो, कारण ती मोठ्या शहरांतल्या लॅबमध्येही होते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी निळ्या टोपणाच्या छोट्या नळीत रक्त घेतात. त्या नळीत सायट्रेट हे द्रावण आधीच मोजून घातलेलं असतं: नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. हा हिशेब सर्वसाधारण रक्ताचा आहे. निळ्या मुलाच्या रक्तात पेशी जास्त, पातळ भाग कमी, म्हणून तेवढंच सायट्रेट त्याला जादा होतं आणि रिपोर्टात रक्त गोठायला खूप वेळ लागतोय असं खोटंच दिसतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा टक्का, ५५च्या वर असेल तर सायट्रेट कमी करून नमुना घ्यावा लागतो. रक्त देण्याआधीच लॅबवाल्यांना ‘याला निळेपणाचा हृदयरोग आहे, हिमॅटोक्रिट इतका आहे’ एवढं सांगा. ते न सांगितल्यामुळे चुकीच्या आकड्यावरून गरज नसलेलं प्लाझ्मा चढवलं जाण्याची किंवा चालू औषध थांबवलं जाण्याची वेळ येऊ शकते.

आता औषधांचा पुरावा. शंट असलेल्या सुमारे हजार बाळांची पाहणी २००७ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिन मिळालेल्या बाळांमध्ये शंटमध्ये गुठळी होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. ही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हती, त्यामुळे ज्यांना ॲस्पिरिन दिलं गेलं ती बाळं मुळातच थोडी बऱ्या प्रकृतीची असतील, ही शंका उरते. तरी ॲस्पिरिनच्या बाजूने याहून भक्कम आधार आज नाही, आणि छोट्या डोसमध्ये त्याचा त्रासही कमी होतो. साहजिकच पुढचा विचार आला की ॲस्पिरिनने इतका फायदा होत असेल तर जोडीला क्लोपिडोग्रेल दिल्याने आणखी होईल. ९०६ बाळांवर याची चाचणी झाली आणि २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिचे निष्कर्ष आले. इथे गट रीतसर चिठ्ठ्या टाकून पाडले होते आणि बहुतेक बाळांना ॲस्पिरिन चालूच होतं. मृत्यू, हृदयरोपण, शंटमधली गुठळी किंवा तिच्यामुळे वेळेआधी करावी लागलेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही घडण्याचं प्रमाण क्लोपिडोग्रेल घेतलेल्यांत १९.१ टक्के आणि न घेतलेल्यांत २०.५ टक्के होतं. म्हणजे फरक नाही. या निकालातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: औषध कुठलंही असो, पाचांतल्या एका बाळावर काहीतरी गंभीर ओढवलं. ‘गोळी चालू आहे, मग काळजी कशाला’ या समजुतीला त्यामुळे जागा राहत नाही. काही बाळांना खास कारणाने जास्त जोराचं औषध लागतं आणि ते तज्ज्ञ ठरवतील. पण सरसकट सगळ्यांना जोराचं औषध दिल्याने शंट सुरक्षित होतो, असं दिसलेलं नाही.

मग कशाने फरक पडला? अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या बालहृदयरोग पथकाने २००० सालच्या सुमारास एक अगदी साधी गोष्ट केली. हृदयाची डावी बाजू खुरटलेल्या, पहिली शस्त्रक्रिया झालेल्या बाळांच्या घरी वजनकाटा आणि ऑक्सिमीटर दिला. आईवडिलांनी रोज वजन आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, लिहायचं. सॅच्युरेशन ठरलेल्या आकड्याखाली गेलं, एका दिवसात वजन ३० ग्रॅमने घटलं किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही, तर ताबडतोब फोन करायचा. त्याआधी अशा बाळांपैकी बरीच पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मधल्या काळात घरीच दगावत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, या पद्धतीने नजर ठेवलेल्या २४ बाळांपैकी एकही मधल्या काळात गेलं नव्हतं. पुढे ही पद्धत अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी स्वीकारली. यावर आक्षेप घेता येतो: संख्या लहान आहे, तुलना आधीच्या वर्षांशी आहे आणि तिथली फोन केल्या केल्या तज्ज्ञ भेटण्याची सोय आपल्याकडे नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिसऱ्या आक्षेपातून मी उलटाच निष्कर्ष काढतो. गडचिरोली किंवा नंदुरबारहून नागपूर-मुंबईचं शस्त्रक्रिया केंद्र गाठायला निम्मा दिवस लागत असेल, तर बिघाड चार तास आधी कळण्याचं मोल तिथल्यापेक्षा इथे जास्तच आहे. शिवाय त्या बाळांना रोज तपासणारे डॉक्टर नव्हते. आई तपासत होती आणि आकडे लिहीत होती, हे काम आपल्याकडच्या आईलाही जमण्याजोगं आहे.

ते काम नीट कसं करायचं, ते पाहू. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा चिमटा तान्ह्या बाळासाठी उपयोगाचा नाही. बाळाचं बोट त्यात बसत नाही आणि आकडा खोटा येतो. बाळाच्या पायाला गुंडाळता येईल असा पट्टीचा प्रोब जोडता येणारं यंत्र घ्या, किंवा रुग्णालय काही महिन्यांसाठी देतं का, विचारा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, पाय गरम असताना, प्रोबचा दिवा तळव्याच्या एका बाजूला आणि डोळा बरोबर समोर येईल अशी पट्टी बांधा. आकडा लगेच लिहू नका. नाडीचा आकडा स्थिर होईपर्यंत, निदान अर्धा मिनिट, थांबा. रडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या बाळाचा आकडा धरायचा नाही. शंटच्या बाळात सॅच्युरेशन ७५ ते ८५च्या दरम्यान राहणं हे साधारणपणे ठीक मानतात. तुमच्या बाळाचा नेहमीचा आकडा कोणता आणि कितीखाली गेला की निघायचं, हे दोन आकडे घरी सोडतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. बहुतेकांना दुसरी बाजू ठाऊक नसते: सॅच्युरेशन नव्वदच्या वर राहायला लागलं तर तेही चांगलं लक्षण नव्हे. त्याचा अर्थ फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त जातंय आणि हृदयावर ताण पडतोय असा असू शकतो. वजनासाठी अंगणवाडीतला टांगायचा काटा चालणार नाही, त्यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक दिसतच नाही. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हवा. रोज एकाच वेळी, दूध पाजण्याआधी, लंगोट काढून वजन करा. असा काटा घरी घेणं परवडत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एकाच काट्यावर आठवड्यातून दोनदा तरी करा आणि आशाताईंना बाळाचा आजार समजावून सांगा. सततच्या आकड्यांनी घर धास्तावेल, अशी भीती काही डॉक्टरांनाही वाटते. दर तासाला मोजलं तर धास्तावेलच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि बाळ वेगळं वाटलं तर, एवढंच मोजा.

ॲस्पिरिनची गोष्ट वरवर साधी, पण चुका इथेच होतात. साधारण डोस दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम असतो, म्हणजे चार किलोच्या बाळाला १२ ते २० मिलिग्रॅम. तुमच्या बाळाचा नेमका डोस डॉक्टरच सांगतील. बाजारात सहज मिळणारी ७५ मिलिग्रॅमची गोळी बहुतेक वेळा मोठ्यांच्या पोटासाठी वेष्टण चढवलेली असते आणि कुटल्यावर ती नीट मिसळत नाही. औषध दुकानात वेष्टण नसलेली किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मागा. डॉक्टरांनी १५ मिलिग्रॅम सांगितलं असेल तर ७५ची गोळी १० मिली पाण्यात घालून त्यातलं २ मिली द्यायचं, हा हिशेब त्यांच्यासमोरच एकदा करून दाखवा. ॲस्पिरिन पाण्यात पूर्ण विरघळत नाही, वाटीच्या तळाशी पांढरा साका बसतो. म्हणून सिरिंजमध्ये ओढण्याआधी प्रत्येक वेळी ढवळा आणि उरलेलं टाकून द्या. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेलं ॲस्पिरिन पाण्यात बदलतं. बाळाचं वजन वाढलं की डोसही बदलावा लागतो. तीन किलोवर लिहून दिलेली चिठ्ठी सहा किलोवर तशीच चालू राहिलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एक दिवस डोस चुकला तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी दुप्पटही देऊ नका. ॲस्पिरिन ज्या प्लेटलेट्सना निकामी करतं त्या सात ते दहा दिवस जगतात, त्यामुळे एका दिवसाने संरक्षण जात नाही. पण आठवडाभर ‘सर्दी होती म्हणून बंद ठेवलं’ असं झालं तर ते जातं. दात काढायचा असो वा दुसरं छोटं ऑपरेशन, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. ताप आला तर पॅरासिटामोल द्या. आयब्युप्रोफेन नको, कारण ते ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. आपल्याकडे तापासाठी सर्रास लिहून दिलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड त्याच जातीचं आहे, तेही टाळलेलं बरं. अनेक सिरपांत दोन औषधं एकत्र असतात, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा किंवा वाचून घ्या. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन चालू असेल तर यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम हा दुर्मिळ आजार होऊ शकतो. त्यामुळे घरात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळ सहा महिन्यांचं झालं की फ्लूची लस द्या, आणि कांजिण्यांच्या लशीआधी ॲस्पिरिनचं काय करायचं, ते विचारून घ्या.

मात्र घरी असलेल्या बाळाचा शंट अचानक बंद पडण्यामागे औषधाच्या चुकीइतकंच, किंबहुना त्याहून जास्त भय मला जुलाब-उलट्यांचं वाटतं. निरोगी बाळ दोन दिवसांच्या जुलाबांनी मलूल होतं, शंटच्या बाळाचं रक्त तेवढ्या वेळात दाट होऊन नळी बंद पडू शकते. ‘दात येतायत, जुलाब होणारच’ म्हणून अंगावर काढण्याची मुभा या बाळाच्या बाबतीत नाही. लघवी हे सगळ्यात सोपं माप आहे. सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, बाळ दोन वेळा दूध प्यायलं नाही किंवा प्यालेलं सगळं उलटून पडलं, तर सलाईन लावता येईल अशा ठिकाणी तेव्हाच न्या, सकाळची वाट पाहू नका. तोंडाने जात असेल तोवर अंगावरचं दूध वरचेवर द्या, आणि जलसंजीवनी किती द्यायची, ते फोनवर विचारा. यातला अवघड भाग लघवी होण्याच्या औषधाचा आहे. अनेक बाळांना फ्युरोसेमाइड चालू असतं. जुलाब चालू असताना तेही नेहमीसारखं पाजत राहिलं तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही निघून जातं. म्हणून जुलाब सुरू झाले की फोनवर विचारायचा पहिला प्रश्न: लघवीचं औषध आज द्यायचं की थांबवायचं? उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा बाळाला दुपट्यांत गुंडाळणं, शेक देणं बंद ठेवा. धुरी तर कुठल्याच ऋतूत नको, आधीच कमी ऑक्सिजनवर जगणाऱ्या फुप्फुसांना धूर कशाला? एखाद्या तपासणीसाठी बाळाला उपाशी ठेवायला सांगितलं तर ‘याला शंट आहे, किती तास उपाशी ठेवायचं आणि तोवर सलाईन लावणार का’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि सलाईन लावताना नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, असं नर्सला आवर्जून सांगा. निरोगी माणसात असा बुडबुडा फुप्फुसात अडून राहतो. या बाळांच्या हृदयात मात्र अशुद्ध रक्त थेट शुद्ध रक्तात मिसळत असल्याने बुडबुडा किंवा छोटी गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते.

रक्त दाट होतं म्हटल्यावर दोन उपाय पटकन सुचतात: लोह बंद करा आणि थोडं रक्त काढून टाका. दोन्ही तर्काला पटतात आणि दोन्ही बहुतेक वेळा चूक ठरतात. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि कमी लवचीक होतात आणि बारीक वाहिन्यांतून सरकताना अडखळतात. निळेपणाचा हृदयरोग असलेल्या प्रौढांवरच्या १९९६ सालच्या एका अभ्यासात मेंदूच्या झटक्याचा संबंध दाटपणापेक्षा लोहाच्या कमतरतेशी, म्हणजे लहान झालेल्या पेशींशी, जास्त जुळला. वरचेवर रक्त काढल्याने नेमकं लोहच कमी होतं. अंगात पाणी पुरेसं असूनही दाटपणामुळे डोकेदुखी, चक्कर, नजर धूसर होणं असा त्रास होत असेल आणि हिमॅटोक्रिट ६५च्या वर असेल, तेव्हाच आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, काढलेल्या रक्ताच्या जागी सलाईन भरत हा उपाय करतात. आपल्याकडे याहून जास्त होणारी चूक उलट बाजूची आहे. हिमोग्लोबिन १२ आलं की रिपोर्ट पाहणारा ‘छान आहे’ म्हणतो. दुसऱ्या बाळासाठी छान असेलही. ७८ सॅच्युरेशनवर जगणाऱ्या बाळाला पंधरा-सोळा किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिनची गरज असते, त्याच्या बाबतीत १२ म्हणजे पंडुरोगच. रिपोर्टात आकड्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि पेशींचा आकार तपासायला सांगा. आणि लोह स्वतःच्या मनाने सुरू करू नका, कारण कमतरता भरून निघताना हिमॅटोक्रिट झपाट्याने वर जाऊ शकतो आणि मध्येच रक्त तपासावं लागतं.

इतकं करूनही शंट बुजू शकतो. बाळ नेहमीपेक्षा गडद निळं किंवा राखाडी पडणं, सॅच्युरेशन ठरलेल्या आकड्याखाली जाऊन तिथेच राहणं, श्वास भरभर होणं, चोखताना दमणं, समजूत न पटणारी किरकिर आणि मग एकदम गळून जाणं, ही लक्षणं दिसली तर शंट बुजतोय असंच समजा. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा शंटचा सततचा घरघर आवाज अशा वेळी मंदावतो किंवा थांबतो. फॅलोज टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषातला निळा झटकाही असाच दिसतो. दोन्हींतला फरक घरी ओळखत बसू नका, बाळाचे गुडघे छातीशी दुमडून धरा आणि १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. पहिल्यांदा जवळच्या अशा रुग्णालयात जा जिथे बाळाला सलाईन, ऑक्सिजन आणि हेपरिन देता येईल. वाटेतूनच शस्त्रक्रिया केंद्राला कळवा, म्हणजे दोन्हीकडचे डॉक्टर आपसांत बोलतील. ऑक्सिजन लावल्याने गुठळी विरघळत नाही, त्यामुळे घरी सिलिंडर लावून वाट पाहणं म्हणजे वेळ घालवणं. केंद्रात हेपरिन, रक्तदाब वाढवणारी औषधं, कॅथेटरने फुगा किंवा स्टेंट टाकून नळी मोकळी करणं किंवा पुन्हा शस्त्रक्रिया, यांतलं जे लागेल ते करतात. या सगळ्याचा उपयोग किती होणार, हे बाळ किती वेळात तिथे पोहोचतं यावर ठरतं.

ग्लेन आणि त्यानंतरच्या फॉन्टान शस्त्रक्रियेनंतर शंटचा प्रश्न संपतो, गुठळीचा संपत नाही. फुप्फुसांकडे रक्त आता शिरांच्या संथ दाबाने जातं, आणि फॉन्टाननंतर यकृतावर ताण आल्याने गोठवणारे व आवर घालणारे घटक वरखाली होतात. ॲस्पिरिन की रक्त पातळ करणारं दुसरं औषध वॉरफरिन, याचा निर्णय मुलागणिक वेगळा असतो. १११ मुलांवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नव्हता. मुलगी मोठी झाल्यावर गर्भनिरोधक गोळी घ्यायची वेळ आली तर इस्ट्रोजेन असलेली गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. हे तिला लहानपणी सांगून भागत नाही, ती स्वतः डॉक्टरांकडे जायला लागेल तेव्हा पुन्हा सांगावं लागतं.

आज घरी शंटचं बाळ असेल तर एक कागद करा. त्यावर बाळाच्या हृदयातला दोष, शस्त्रक्रियेची तारीख, शंट कुठल्या बाजूला आणि किती मिलीमीटरचा, नेहमीचं सॅच्युरेशन, नेहमीचा हिमॅटोक्रिट, चालू औषधं आणि त्यांचे मिलिग्रॅम, रक्तदाब कुठल्या हातावर मोजायचा नाही आणि शस्त्रक्रिया केंद्राचा चोवीस तास लागणारा फोन, एवढं लिहा. शंट ज्या बाजूला आहे त्या हातावरचा रक्तदाब खोटा कमी येऊ शकतो, म्हणून हातही लिहायचा. हा कागद नसेल तर रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर ६२चं सॅच्युरेशन पाहून ‘निळं बाळ आहे, असंच असणार’ म्हणू शकतो, किंवा ८० पाहून विनाकारण घाबरू शकतो. पुढच्या तपासणीत हा कागद डॉक्टरांकडून तपासून, त्यावर सही घ्या. एक प्रत बाळाच्या पिशवीत, एक आजी-आजोबांकडे आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा.